कोकणातल्या छोट्या आयटीआयत पहिलं वर्ष: नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या आयटीआयला जायचं तर तिठ्यावर उतरून जांभ्या दगडाच्या पाखाडीने दहा मिनिटं चढावं लागायचं. वर कौलारू इमारत, मागे पत्र्याची दोन वर्कशॉप, मोजके ट्रेड (म्हणजे एकेका कामाचे अभ्यासक्रम) आणि सगळी मिळून दीडशेच्या आसपास मुलंमुली. मी तिथे फिटर ट्रेडला दोन वर्षं काढली, मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला गेलो आणि आता एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दरवर्षी जून-जुलै आला की गावाकडून फोन सुरू होतात. "दादा, आयटीआयला नाव लागलंय, आता काय करू?" प्रत्येकाला तुटक तुटक सांगतो, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की महत्त्वाचं राहिलंच. म्हणून हे नीट लिहून काढतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या संस्थेत जाणारी मुलं डोळ्यांसमोर आहेत. बाकीच्यांनी आपल्यापुरतं घ्यावं.

आधी ट्रेड, मग संस्था

प्रवेश ऑनलाइन होतो, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून. तिथे संस्था आणि ट्रेड यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो क्रम घाईत भरू नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. तेव्हा एक नंबरला तेच लिहा जे खरोखर करायचं आहे.

आमच्याकडे मुलं मित्राच्या मागे जातात. तो इलेक्ट्रिशियनला, म्हणून मीही. त्यापेक्षा एक दिवस काढा, संस्थेत जा आणि वर्कशॉप बघायला मिळेल का ते विचारा. छोट्या संस्थेत कुणी अडवत नाही. शिल्प निदेशकांना, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्या सरांना भेटा, मशिनं चालू आहेत का बघा, शिकणाऱ्या मुलांशी बोला. अर्ध्या तासात जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, कोपा (संगणकाचा ट्रेड), डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे. हा फरक आत्ताच समजून घ्या, कारण दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केली तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मला तो रस्ता दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळला आणि नशिबाने माझा ट्रेड दोन वर्षांचाच होता. ज्यांची दहावी राहिली आहे त्यांनाही वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना जागा असते. दहावी गेली म्हणून घरी बसू नका.

इथल्या किनाऱ्यावर काम कसलं आहे, तेही बघा. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर बोटींची डिझेल इंजिनं आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने जागोजागी आहेत. लोटे-परशुरामला रासायनिक कंपन्या आहेत, तिथे पाइपलाइन, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळायला फिटर लागतात. समुद्रकाठी हॉटेलं आणि होमस्टे वाढलेत, त्यांना वायरमन, प्लंबर आणि एसी दुरुस्त करणारा लागतो. मुंबईला जायचं असेल तर जरूर जा. पण गावात राहूनही हाताला काम मिळेल असा ट्रेड निवडता येतो, एवढंच म्हणतोय.

कागद

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधार. निकालानंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते आणि सर्व्हर त्याच दिवसांत बंद पडतो, त्यामुळे दाखल्यांचे अर्ज मे महिन्यातच टाका. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढा आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. भिजलेला दाखला कुणी घेत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. फॉर्ममध्ये तुमचं, वडिलांचं आणि आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तसंच भरलं गेलं पाहिजे. माझा फॉर्म भरून देणाऱ्याने वडिलांच्या नावात एक अक्षर चुकवलं, मी न वाचताच सबमिट करू दिलं. ती चूक दोन वर्षांनी थेट राष्ट्रीय प्रमाणपत्रावर छापून आली. दुरुस्त करून घ्यायला पाच महिने गेले आणि तेवढ्यात एका भरतीची तारीख उलटली. तेव्हा स्क्रीनकडे स्वतः बघा, बोट ठेवून एकेक अक्षर वाचा, मग बटण दाबू द्या.

शिष्यवृत्ती आणि फीची सवलत महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. गावातल्या पतसंस्थेचं खातं चालत नाही. शाळेत असताना काढलेलं खातं वापराअभावी बंद पडलेलं असतं, ते बँकेत जाऊन आधी सुरू करून घ्या. अर्ज भरून झाला की पावती संस्थेच्या कार्यालयात द्या आणि महिन्याने जाऊन विचारा, पुढे पाठवला का. छोट्या संस्थेत एकच लिपिक सगळं बघतो. तुम्ही विचारलंत की फाईल हलते. त्यात संकोच कसला? नम्रपणे विचारा, पण विचारा.

एसटी, खोली आणि ८० टक्के

कोकणात शिक्षण एसटीवर चालतं. आमच्या वाडीला सकाळी एकच गाडी, वस्तीची. ती चुकली की पुढची अकराला, म्हणजे अर्धा दिवस गेला. विद्यार्थ्यांच्या पासवर भाड्यात दोन तृतीयांश सवलत आहे. संस्थेकडून बोनाफाइड घेऊन पहिल्याच आठवड्यात पास काढा. गाडीची वेळ संस्थेच्या वेळेशी जुळत नसेल तर त्या मार्गावरच्या सगळ्या मुलांनी मिळून अर्ज लिहा, प्राचार्यांचं पत्र जोडा आणि आगारात द्या. आम्ही तसं केलं आणि गाडी वीस मिनिटं अलीकडे आली. एकट्याचं ऐकतीलच असं नाही, बारा जणांचा अर्ज मात्र वाचला जातो.

घर लांब असेल, वाटेत साकव किंवा पाण्याखाली जाणारा रस्ता असेल, तर पावसाळ्याचे महिने तरी तालुक्याला खोली घ्या. चौघांत भाडं निघतं. आम्ही एका काकूंच्या पडवीमागच्या खोलीत राहायचो. सकाळी पेज, रात्री भात आणि कुळथाची पिठी, सुकट गावाहून आणलेलं. स्वयंपाक येत नसेल तर जायच्या आधी आईकडून भात, पिठी आणि एक आमटी शिकून घ्या. रोजच्या वडापाववर वर्ष निघत नाही, पैशानेही नाही आणि पोटानेही नाही.

कपड्यांचं सांगतो. गणवेशाचे दोन जोड हवेतच, कारण श्रावणापर्यंत इथे काही वाळत नाही. सेफ्टी शूज भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत पाणी ओढलं जातं. वर्कशॉपमध्ये ओल्या बुटांनी विजेच्या मशिनजवळ जायचं नाही. म्हणून चालत येताना साध्या चपला घाला आणि बूट पिशवीत ठेवा.

आता हजेरी. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते. ऐकताना सोपं वाटतं. अभ्यासक्रमाचे वर्षाचे १२०० तास धरा. त्यातले २० टक्के म्हणजे २४० तास. दिवसाला सात तास धरले तर चौतीस दिवस. चौतीस दिवस खूप वाटतात ना? आता मोजा. गणपतीला संस्थेची सुट्टी संपली तरी गौरी-विसर्जनानंतर चार दिवस कोणी परत येत नाही. ऑक्टोबरात कापणी, घरी माणूस कमी, आणखी सहा दिवस. शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून पाच. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागेत रोजंदारी चांगली मिळते, तिथे पंधरा दिवस कसे गेले कळत नाही. हे झाले तीस. ताप, चुकलेली गाडी, दरड कोसळून बंद पडलेला घाट यांना उरले फक्त चार. आमच्या तुकडीतले तिघे असेच अडकले. तिघेही हुशार होते आणि त्यातल्या एकाचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता.

पालखी चुकवा असं मी म्हणणार नाही, मी स्वतःही चुकवली नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर चौतीस चौकोन आखा. एक खाडा, एक चौकोन काळा. कापणीला घरच्यांना सांगा की शनिवार-रविवार धरून करू. घरचे समजून घेतात, त्यांना आकडा दाखवावा लागतो.

बेंचवर

खरी आयटीआय इथे आहे. १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे असतात. म्हणजे शंभरातले सत्तर तास तुम्ही उभे असणार, हातात हत्यार घेऊन. जो हे सत्तर तास बेंचवर उभा राहतो तो शिकतो, मग संस्था कितीही लहान असो.

फिटरला पहिले काही आठवडे कानस आणि हॅकसॉ, बाकी काही नाही. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतात आणि सांगतात, घासून सपाट कर, बाजू काटकोनात आण. मशिन चालवायला आलो होतो आणि हे काय, असं प्रत्येकाला वाटतं. बरीच मुलं इथेच कंटाळतात. तुम्ही कंटाळू नका. पुढे लेथवर, पंपाच्या अलाइनमेंटवर, बेअरिंग बसवताना जी नजर आणि जो हात लागतो तो इथेच तयार होतो.

माझा तुकडा काही केल्या सपाट होईना. कडा खाली जायच्या आणि मध्ये फुगवटा राहायचा, उशीसारखा. चार दिवस तेच. शेवटी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझ्या दोन्ही हातांवर त्यांचे हात ठेवले आणि कानस माझ्यासोबत पुढे ढकलली. तेव्हा कळलं. सुरुवातीला पुढच्या, डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त. मी दोन्ही हातांनी सगळीकडे सारखाच दाबत होतो, म्हणून कानस झोपाळ्यासारखी डुलत होती. मागे येताना दाब सोडायचा. व्हाइसचे, म्हणजे तुकडा पकडून ठेवणाऱ्या शिकंजाचे जबडे आपल्या कोपराच्या उंचीला हवेत, उंची कमी पडत असेल तर पायाखाली फळी घ्या. मी घेतली होती. एका दिशेने घासून झालं की तिरकं दुसऱ्या दिशेने घासा. रेघा जिथे पडतात तिथे उंचवटा आहे.

मग तुकडा हातात घेऊन खिडकीकडे जायचं. त्यावर ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) उभी धरायची आणि डोळ्यांच्या रेषेत आणून उजेडाकडे बघायचं. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसते. जिथे उजेड येतो तिथे खड्डा, जिथे अंधार तिथे उंचवटा. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या तुकड्यावर पात्याखालून उजेड आला नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, उजेडच कमी आहे की काय म्हणून मी दाराशी जाऊन पुन्हा बघितलं. तिथेही आला नाही. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

वीस जणांच्या तुकडीचा फायदा हाच. सरांना प्रत्येकाचा हात माहीत असतो. पण ते तुमच्या मागे येऊन उभे राहतील, यासाठी आधी तुम्ही बेंचवर असायला हवं आणि "सर, जमत नाहीये" हे तोंडाने म्हणायला हवं. आमच्या खेड्यातल्या मुलांना हे वाक्य जड जातं. मार्कांत कमी पडेन, सगळे बघतील, अशी भीती वाटते. मी चार दिवस तसाच गप्प होतो. ते चार दिवस फुकट गेले.

किनाऱ्यावरची म्हणून एक गोष्ट. घासलेल्या पृष्ठभागावर उघडं बोट फिरवू नका. घामाने कानस घसरते, आणि खाऱ्या दमट हवेत लोखंड एका रात्रीत गंजतं. ऑगस्टमध्ये एकदा संध्याकाळी तुकडा तसाच ठेवून गेलो, सकाळी बघतो तर माझ्या बोटांचे ठसे नारिंगी रंगात उमटलेले. रेघा मोजता येतील इतके स्पष्ट. तेव्हापासून जायच्या आधी तेलाचं फडकं फिरवायचं आणि जॉब, म्हणजे आपण घडवत असलेला तुकडा, त्याच फडक्यात गुंडाळायचा. व्हर्नियर आणि ट्रायस्क्वेअरलाही तसंच. कानशीच्या दातांत बसलेला कीस तारेच्या ब्रशने काढा. घासण्याआधी कानशीवर खडू फिरवला तर तो कमी अडकतो.

सामान कमी असतं, हेही खरं. हॅकसॉची ब्लेडं संपतात, ड्रिल बोथट असतात, एखादं मशिन महिनाभर बंद असतं. त्यावर चिडून वर्कशॉपबाहेर कट्ट्यावर बसणं सोपं. आमचं ड्रिलिंग मशिन जुलैच्या ओलीत बंद पडलं आणि सरांनी ते उघडायला घेतलं, तेव्हा आम्ही दोघंच थांबलो. बेअरिंग कसं काढायचं, कसं बसवायचं, मोटर कशी सुकवायची, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला नेमकं तेच विचारलं. स्वतःची स्टीलची पट्टी, स्क्रायबर आणि रुमाल एवढं मात्र विकत घ्या. बाकी वाटून चालतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात सूट नाही. ड्रिलिंग मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत, ते फिरत्या ड्रिलमध्ये ओढले जातात. बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, गळ्यात काही नाही. ग्राइंडरवर गॉगल. कीस हाताने उचलायचा नाही, ब्रशने काढायचा. चकची (ड्रिल पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये ठेवून मशिन सुरू करायचं नाही.

मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगायचं म्हणजे एवढंच: फिटर किंवा वेल्डरच्या तुकडीत तुम्ही एक-दोघीच असू शकता. आमच्यात दोघी होत्या. सुरुवातीला मुलं "दे, मी करतो" म्हणून त्यांच्या हातातलं काम घ्यायची. चांगल्या मनाने घ्यायची, पण शिकणं त्यांचं बुडायचं. त्यातली एक आठवड्याभरात म्हणाली, "माझा जॉब मीच करणार." तिचा शेवटचा जॉब तुकडीत सगळ्यांत अचूक निघाला. कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह यांत अडचण असेल तर पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी द्या.

वही आणि परीक्षा

प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात, थिअरीत ३३. यावरून कुठे जोर द्यायचा ते कळेल. वर्षभरातल्या प्रत्येक जॉबचे गुण धरले जातात, त्यालाही ६० टक्के हवेत. त्यामुळे जॉब पूर्ण झाला की त्याच दिवशी नोंदवहीत आकृती काढा, मापं लिहा आणि सही घ्या. मे महिन्यात बसून चाळीस जॉबच्या आकृत्या काढणाऱ्यांचे हाल मी बघितलेत.

थिअरीची परीक्षा संगणकावर असते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना शब्दांचीच भीती वाटते. एक छोटी वही करा. वर्गात कानावर पडलेला प्रत्येक नवा शब्द, टॉलरन्स, क्लिअरन्स, लीस्ट काउंट, त्यात लिहा आणि समोर आपल्या भाषेत अर्थ. रोज पाच झाले तरी दिवाळीपर्यंत भीती जाते.

दरवर्षी जवळच्या उद्योगात १५० तास काम करायचं असतं. संस्था जागा देते, पण तुम्ही स्वतः शोधून आणलीत तर सहसा नाही म्हणत नाहीत. मी मात्र आळस केला आणि घराजवळचं गॅरेज घेतलं. माझा मित्र बर्फाच्या कारखान्यात गेला. कॉम्प्रेसर उघडा असताना तो तिथे उभा होता, मी नव्हतो.

बाहेर पडताना

शिकाऊ उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसशिप, १९६१च्या कायद्याखाली. ती करा. मध्ये वर्ष गेलं तरी चालेल, पण करा. विद्यावेतन मिळतं आणि पुढे अनुभव म्हणून दाखवता येते. एसटीच्या कार्यशाळा, महावितरण, कोकण रेल्वे शिकाऊ उमेदवार घेतात, एमआयडीसीतल्या कंपन्याही घेतात. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी दुसऱ्या वर्षाचा निकाल लागताच करा. जाहिरातीला मुदत थोडी असते, कधी कधी आठवडाच.

या जाहिराती आमच्याकडे वर्तमानपत्रातून पोचत नाहीत, एकमेकांकडून पोचतात. मला माझी अप्रेंटिसशिप कळली ती मागच्या बॅचच्या एका मुलाच्या फोनवरून, मुदत संपायला दोन दिवस असताना. म्हणून दाखला आणि गुणपत्रिका घ्यायला संस्थेत जाल त्या दिवशी पाच मिनिटं जास्तीची ठेवा. मागे वर्कशॉपमध्ये जा. नवीन मुलं कानस घेऊन उभी असतील. सरांच्या टेबलावरच्या वहीत तुमचं नाव, ट्रेड आणि फोन नंबर लिहा, आणि पहिल्या बेंचवरच्या मुलाचा नंबर आपल्याकडे घेऊन ठेवा.